स्वागतार्ह, पण गुण नाहीत

आमच्या कार्यालयात तिला सगळे निकषबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे, तोंडावर नुसतं बाई. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण चपखल बसलं होतं. शाळांना सरकारी अनुदान द्यायचं तर ते कुणाला आधी, कुणाला नंतर आणि कुणाला नाहीच, हे ठरवणारा जो तक्ता दर वर्षी निघतो, तो बावीस वर्षं तिच्या हातून निघत होता. साहेब आले, साहेब गेले, तक्ता बाईचाच. मी तेव्हा आवक-जावकच्या टेबलावर होते, तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून. त्यामुळे यातलं बरंचसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. उरलेलं तिनेच मला पुढे सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी, फायली लावता लावता.

लोकांना वाटतं, अनुदान म्हणजे वशिला. असतोही कधीमधी, नाही असं नाही. पण खरी मेख अर्ज येण्याच्या कितीतरी आधी मारलेली असते, एका कागदावर. त्या कागदाला आम्ही प्राधान्यक्रम म्हणायचो. त्याला तीन रकाने. पहिल्या रकान्यात बसत असाल तरच तुमचा अर्ज उघडला जाणार, नाहीतर आल्या पावली परत. दुसऱ्या रकान्यातल्या कामांना पाच गुण जादा. आणि तिसऱ्या रकान्याचं नाव ‘स्वागतार्ह’. म्हणजे अशा कामासाठी कुणी अर्ज केला तर शासनाला आनंदच आहे, गुण मात्र मिळणार नाहीत. नवीन माणसाला हे समजावताना बाई म्हणायची, “तिसरा रकाना म्हणजे या, बसा, पाणी घ्या.” एवढा एकच तिचा विनोद. दर वर्षी तोच. आम्हीही दर वर्षी हसायचो.

बाई उंच, किडकिडीत. चष्मा दोरीला अडकवून गळ्यात. कुठलाही कागद वाचताना ओळीखाली लाकडी पट्टी धरायची आणि पट्टी सरकवत सरकवत खाली यायची. लग्न केलं नव्हतं. घरी म्हातारी आई आणि धाकटा भाऊ. भावाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कर्णबधिर मुलांच्या ज्या शाळेत तो शिकला, तिथेच तो मोठेपणी सुतारकाम शिकवायला लागला होता, आणि त्या शाळेची सुतारशाळा गेली सहा वर्षं आमच्याच अनुदानावर चालत होती. यातलं कार्यालयात कुणाला काही माहीत नव्हतं. तिने लपवलं असं नाही. कुणी विचारलं नाही आणि ती बोलली नाही. अर्ज तपासायला बाहेरचे परीक्षक असत, बाई फक्त गुणांची बेरीज करायची, तेव्हा कुणी बोट दाखवावं असं काही नव्हतंच. पण दर वर्षी यादी लागली की तिला आतून कसंनुसं व्हायचं, जणू आपण काहीतरी ढापलं आहे.

त्या वर्षी तिची आई गेली. तीन वर्षं अंथरुणावर होती. बाईने चार दिवसांची रजा टाकली आणि पाचव्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला खुर्चीत होती. आम्ही एकेक करून तिच्यापाशी गेलो, जे बोलायचं असतं ते बोललो. ती सगळ्यांना “बरी आहे” म्हणाली. आणि ती खरंच बरी दिसत होती. दात काढायच्या आधी सुई टोचतात, मग आपण आपल्याच गालाला हात लावला तरी तो दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. हे तिने मला फार पुढे सांगितलं.

त्याच आठवड्यात वरून पत्र आलं की डिजिटल कौशल्यं हा विषय दुसऱ्या रकान्यात घालायचा. दुसऱ्या रकान्यात चारच विषय ठेवायची मुभा होती आणि चार आधीच होते. मुलींची गळती, दूरच्या वस्त्यांवरच्या शाळा, विशेष गरजांची मुलं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण. साहेबांनी बाईला बोलावून कागद तिच्यासमोर सरकवला. म्हणाले, यातलं एक खाली घ्यावं लागणार, तुम्ही इतकी वर्षं बघताय, तुम्हीच सांगा कुठलं.

बाईने पट्टी लावली. ती एकेका ओळीवर थांबली, पण तिच्या मते सगळं मिळून एक मिनिटही गेलं नसेल. तिसऱ्या ओळीपाशी, म्हणजे विशेष गरजांच्या मुलांपाशी, तिला एवढंच सुचलं, की उद्या कुणाला भावाचं कळलं तर म्हणतील, बाईने घरच्यासाठी ठेवलं. तिने पट्टी तिथेच ठेवली आणि म्हणाली, “हे घ्या खाली.”

“नक्की?”

“हो.”

साहेबांनी एक बाण काढला. बाई जागेवर आली, तिने मसुदा टंकला, मग हात धुऊन डबा उघडला. “डबा सगळा संपवला मी त्या दिवशी,” ती मला म्हणाली होती. “तेच मला अजून कळत नाही. शेवटचा घाससुद्धा ठेवला नाही.”

मसुदा लगेच पक्का होत नाही. तो जाहीर करून तीस दिवस ठेवायचा असतो, कुणाला हरकत असेल तर त्याने लेखी कळवायची, आणि आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यायचं, असा नियम आहे. त्यासाठी एक जाड फाइल होती आणि ती कायम उपाशी. त्या वर्षी तिच्यात दोन पत्रं आली. एकाची तक्रार होती की अक्षरं फार बारीक छापता. दुसऱ्याला आमच्याकडे नोकरी हवी होती. विशेष मुलांच्या शाळांमधून एक ओळ आली नाही. असले कागद वाचतो कोण? बाईने तो जाहीर झालेला कागद घरी नेऊन नुसता टेबलावर ठेवला असता तरी पुरलं असतं. त्यात नियमाविरुद्ध काही नव्हतं. तिने नेला नाही. तिला म्हणे आठवणच झाली नाही.

पुढे अर्ज आले, तीनशेच्या वर. परीक्षकांना शाळेचं नाव दिसू नये म्हणून अर्जांना नुसते क्रमांक असतात. पण एकशे सतरा नंबरच्या अर्जाला यंत्रांची यादी जोडली होती, आणि रंधा यंत्राच्या पुढे कंसात लिहिलं होतं, ‘जुनं, पण शिक्षकांनी स्वतः दुरुस्त केलेलं’. बाईला शाळा कळली. तिघा परीक्षकांची सरासरी आली एक्याऐंशी. त्या वर्षी रेघ पडली चौऱ्याऐंशीवर. जादाचे पाच असते तर शहाऐंशी झाले असते, हे कळायला तिला पेन्सिल लागली नाही. तिने एकशे सतरा नंबर रेघेच्या खाली लिहिला आणि पट्टी पुढच्या ओळीवर सरकवली.

नकाराच्या पत्राचा मजकूर तिचाच, बारा-तेरा वर्षांपूर्वी बसवलेला. ‘आपला प्रस्ताव स्वागतार्ह आहे, तथापि उपलब्ध तरतुदीच्या मर्यादेत त्याचा समावेश करता आला नाही.’ त्या शाळेच्या पाकिटावर जावक क्रमांक मी घातला. दोनशेएक पाकिटं होती त्या दिवशी, मला काय माहीत.

आठवड्याने शनिवारी दुपारी भाऊ त्या पत्राची नक्कल घेऊन घरी आला. मुख्याध्यापिकेने ती त्याला दिली होती आणि खुणांनी एवढंच सांगितलं होतं, की या वेळी नाही. त्याला वाचता येत होतं, पण लिहिलेली भाषा त्याच्यासाठी परकीच होती. जोडाक्षर आलं की तो अडायचा. त्याने पत्र टेबलावर पसरलं आणि बहिणीला बोलावलं. तिला बोलवायची त्याची खूण म्हणजे दोन बोटं खांद्यावरून खाली ओढायची, म्हणजे वेणी, म्हणजे ताई. वेणी तिने कधीच कापून टाकली होती, खूण राहिली होती. तो आपला स्वतःचा हिशेब लावत होता की ताई सरकारी कचेरीत शिक्के मारते, तिला असल्या पत्रांतलं कळत असेल.

त्यांचं बोलणं हातांचं. मी ते आपल्या बोलीत सांगते.

त्याने एका शब्दावर बोट ठेवलं. “ताई, याचा अर्थ काय?”

“या. तुम्ही आलात, आनंद झाला.”

“मग दिलं का नाही?”

“त्याला गुण नसतात.”

“कुणी ठरवलं?”

इथे तिला साहेब म्हणता आलं असतं. वरून पत्र आलं, हेही खोटं नव्हतं. तिने स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. त्याला वाटलं आपण चुकीचं पाहिलं. त्याने पुन्हा विचारलं. मग तिने सगळं सांगितलं. चार होते, एक खाली जायचं होतं, कुठलं ते मी दाखवलं.

“का?”

“तू माझा भाऊ म्हणून.”

तोंडाने सांगायचं तर या वाक्याला आपण मागे-पुढे चार शब्द लावतो, समजावतो, सारवासारव करतो. हातांत ते उघडंवाघडं आलं. भाऊ, म्हणून दिलं नाही. तो बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने पत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि तोंड फिरवलं.

आपल्याकडे भांडण झालं की माणसं ओरडतात नाहीतर अबोला धरतात. त्याच्याशी अबोला म्हणजे त्याने बघायचं थांबवायचं. एकदा त्याने नजर काढून घेतली की समोरच्याने कितीही हात हलवले तरी ते वाऱ्यावर. अकरा दिवस त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. दोघं एकाच टेबलावर जेवत होती. मधल्या काळात त्याने स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा डुगडुगणारा पाय बसवून दिला, तोही तिच्याकडे न बघता. त्याचं लक्ष वेधायला ती फरशीवर पाय आपटायची. तो हादरा त्याला कळायचा, ते तिला माहीत होतं. तरी तो वळायचा नाही.

मी तिला म्हटलं होतं, बाई, तुम्हाला किती वाईट वाटलं असेल.

“वाटायला हवं होतं,” ती म्हणाली. “हवं होतं हे कळत होतं मला. पण आत काही येत नव्हतं गं. आमच्या घरात खरं बधिर कोण होतं, ते तूच सांग.”

सत्र संपलं आणि सुतारशाळा बंद झाली. मोठ्या वर्गातली चौदा मुलं संगणकाच्या वर्गात गेली, यंत्रं ज्यांना हवी त्यांना देऊन टाकली, आणि त्या खोलीत मोडकी बाकं रचली. भाऊ कंत्राटावर होता, त्याला आभाराचं पत्र मिळालं. सहा आठवडे तो घरी बसून होता. मग दारं-चौकटी बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याला काम मिळालं. तिथल्या एका यंत्राच्या आवाजामुळे त्यावर कुणी टिकत नव्हतं. मालक म्हणाला, हा टिकेल. आणि तो टिकला.

पण त्याच्या आधी, बाराव्या दिवशी सकाळी, त्याने बहिणीकडे पाहिलं होतं. बुटांचे बंद बांधता बांधता मान वर केली आणि विचारलं, हा कागद बदलायचा कसा?

तिने सांगितलं. पुढच्या वर्षाचा मसुदा निघेल, तीस दिवस मिळतील, कुणीही लिहू शकतं.

“कुणीही? मीपण?”

“तूपण.”

“तू लिहून दे.”

“मी नाही. मी लिहिलं तर ते माझं होईल.”

तो लिहायला बसला तेव्हा पुढचं वर्ष उजाडलं होतं आणि त्याला कारखान्यात लागून बरेच महिने झाले होते. म्हणजे स्वतःसाठी लिहायचं त्याला कारण उरलं नव्हतं. तरी त्याने लिहिलं. कामावरून आल्यावर रोज थोडं थोडं, नऊ दिवस. बाई त्याच खोलीत असायची आणि कागदाकडे बघायची नाही. पाकीट टपालाने माझ्या टेबलावर आलं. मी फोडलं, शिक्का मारला, हरकत क्रमांक तीन म्हणून नोंदवलं. मग वाचलं. ते पत्र मी नंतर इतक्या वेळा वाचलं की मला पाठ आहे.

‘मी सुतार शिक्षक होता. कान नाही. तुमचा कागद वाचला. स्वागत शब्द चांगला. स्वागत म्हणजे दार उघडा. तुमचा कागद शब्द बोलतो, दार उघडत नाही. एक मुलगा वय चौदा. घरी कोण हात बोलत नाही. मुलगा खुर्ची केला, घरी नेला. आई खुर्चीवर बसली. मग आई मुलाला विचारली, खुर्ची हाताने कसं बोलतात. पहिला शब्द शिकली. याला गुण किती? कृपया लिहा.’

खाली सही आणि पत्ता. पत्ता पाहून माझ्या काही लक्षात आलं नाही; बाई कुठे राहते तेच मला कधी ठाऊक नव्हतं. मी पत्र नेहमीसारखं तिच्या पुढ्यात ठेवलं, कारण उत्तरं तीच लिहायची. तिने पट्टी लावली. शेवटच्या ओळीपर्यंत गेली, पुन्हा वर आली. मग उठून साहेबांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे मला ऐकू आलं.

“हे पत्र माझ्या भावाचं आहे,” ती म्हणाली. “मागच्या वर्षी जे खाली घेतलं, ते मी त्याच्यामुळेच घेतलं. याचं उत्तर मी लिहू नये.”

साहेबांनी विचारलं की हे तुम्ही मागच्या वर्षीच का नाही सांगितलंत.

“तुम्ही विचारलं नाहीत,” ती म्हणाली, आणि लगेच, “नाही, ते कारण नाही. मला तेव्हा काही सुचतच नव्हतं.”

“बाई,” साहेब म्हणाले, “मीतरी तो कागद कुठे वाचला होता? तुम्ही पट्टी ठेवलीत आणि मी बाण काढला.”

हरकतींवर निर्णय घ्यायच्या बैठकीला तिला बसू दिलं नाही, तेच बरोबर होतं. ती बाहेर बोळातल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन दोन तास बसली. मी चहा नेऊन दिला. तो तिने घेतला नाही, पण कप हातात धरून ठेवला, पार थंड होईपर्यंत.

आत काय झालं ते इतिवृत्तात आहे. विशेष गरजांची मुलं दुसऱ्या रकान्यात परत घ्यावीत असं ठरलं. पण डिजिटल काढता येत नव्हतं, चाराचे पाच करायला वरची परवानगी लागत होती. ती मिळाली, एका अटीवर. पाचव्या विषयाला पाच गुण नाही द्यायचे, तीन द्यायचे. अटीचं कारण इतिवृत्तात नाही. अंतिम कागदाच्या शेवटी उत्तर छापलं गेलं, ‘हरकत क्रमांक ३: अंशतः मान्य.’

बाईने तो कागद घरी नेला आणि टेबलावर ठेवला. भावाने ‘अंशतः’वर बोट ठेवलं. तिने तीन बोटं दाखवली.

“पाच होते.”

“हो.”

“बरं,” तो म्हणाला आणि जेवायला बसला.

त्या वर्षी त्या शाळेला अनुदान मिळालं. रेघेच्या वर दोन गुणांनी. पण अर्ज सुतारशाळेचा नव्हताच. यंत्रं गेली, शिक्षक गेला, आता मागू कशाच्या जोरावर, म्हणून मुख्याध्यापिकेने वाचनकक्ष आणि श्रवणयंत्रं मागितली होती. अर्ज भरण्याआधी ती स्वतः बाईच्या घरी येऊन गेली होती, भाऊ परत येईल का ते विचारायला. त्याने तिला बसवलं, आदराने सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. आपण शिक्षक आहोत की नाही हे दर वर्षी एका कागदावरून कळायचं, ते आता नको, असं तो म्हणाला. मुख्याध्यापिकेला राग आला नाही. जाताना तिने बाईकडे पाहिलं. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते बाईला शेवटपर्यंत कळलं नाही.

कार्यालयात दोन गोष्टी बदलल्या. तक्त्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाने आपले नातेवाईक कुठल्या शाळेत आहेत ते आधी लिहून द्यायचं, असा एक अर्धपानी नमुना आला. तो बाईनेच बसवला आणि पहिली सही तिची. आणि दुसरं, एखादा विषय खाली घ्यायचा असेल तर त्या विषयावर गेल्या वर्षी अनुदान मिळालेल्या शाळांची नावं बैठकीत मोठ्याने वाचायची. हे तिने साहेबांकडून मागून घेतलं. वाचायला चाळीसेक मिनिटं लागतात. नवे अधिकारी जांभया देतात, एकाने तर विचारलं होतं, हे नुसतं फिरवून नाही का चालणार? बाई वाचत राहायची, एका सुरात, पट्टी सरकवत. त्याने फारसं काही बदलतं असं नाही. माझ्या देखत एकदाच बाण काढता काढता थांबला.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी ती एकदा अर्ध्या दिवसाची रजा टाकून भावाच्या कारखान्यात गेली. तोपर्यंत तिने तो पाहिला नव्हता. तो तिला आत घेऊन गेला. भुसा, सरसाचा वास, आणि आवाज असा की तिने कानांवर हात ठेवले. त्याने तिचा उजवा हात कानावरून काढला आणि चालत्या यंत्राच्या चौकटीवर टेकवला. असाच धर, म्हणाला. तिने धरला. आधी काहीच कळलं नाही. मग तळव्याला गुदगुल्यासारखं, मग मनगटात, मग कोपरापर्यंत. हात काढल्यावरही मुंग्या राहिल्या, आणि तिला तिथेच, सगळ्यांसमोर, रडू आलं. कशाचं ते तिला सांगता येईना. भाऊ घाबरला, लागलं का म्हणून तळवा उलटसुलट करून पाहू लागला.

मग दोघं फळ्यांच्या थप्पीवर बसून जेवली. त्याने तिला एक नापास झालेली चौकट दाखवली आणि विचारलं, यात कुठे चुकलंय सांग. तिने खूप निरखलं, तिला दिसेना. त्याने तिचं बोट धरून लाकडावरून फिरवलं, तेव्हा सांध्यापाशी केसाएवढी फट लागली. तिने मान हलवली. भिंतीवरचा लाल दिवा पेटला, सुट्टी संपली, आणि तो कपडे झटकून आत गेला.